थकलेल्या पगारापायी गहाण पडलेले वऱ्हाड

आजचा यवतमाळ जिल्हा इंग्रजी अमलाखाली कसा आला, असे विचारले की बहुधा एका ओळीत उत्तर मिळते : ‘१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांना दिले.’ या धाग्याचा सारा रोख त्या ‘दिले’ या क्रियापदावर आहे. माझ्या मते वऱ्हाड दिले गेले नाही, ते तारण ठेवले गेले. आणि ज्या देण्यापायी ते तारण पडले, ते देणेच मुळात वादग्रस्त होते.

थोडी पार्श्वभूमी. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख १८०३ च्या देवगावच्या तहानंतर नागपूरकर भोसल्यांच्या हातून जाऊन एकट्या निजामाचा झाला. तोपर्यंत निजामाच्या पदरी इंग्रजांची तैनाती फौज होतीच आणि तिच्या खर्चासाठी त्याने १८०० सालीच मोठा प्रदेश तोडून दिला होता. येथे अनेकांची गल्लत होते. वऱ्हाड गेले ते तैनाती फौजेपायी नव्हे. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळीच फौज उभी राहिली, तीच पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून ओळखली गेली. नोकरी निजामाची, हुकूम रेसिडेंटचा, आणि खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपये!

हा पगार वेळेवर भागेना. मग सावकार आले. आधी हैदराबादची विल्यम पामर आणि कंपनी. तिचे व्याज शेकडा २४ च्या घरात. तिचे देणे चुकते करण्यासाठी उत्तर सरकारांच्या पेशकशीवरचा हक्क निजामाला कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. पुढे दिवाण चंदूलालने वऱ्हाडचा वसूलच सावकारांना लावून दिला. पुरणमल सावकाराकडे मोठा भाग इजाऱ्याने होता. त्याच्यामागून पेस्तनजी आणि कंपनीला १८४१ मध्ये आगाऊ दिलेल्या रकमांच्या फेडीसाठी वऱ्हाडचा महसूल तोडून मिळाला आणि १८४५ मध्ये तो काढूनही घेण्यात आला. म्हणजे सरकारच्या थकबाकीपोटी महसूल बाजूला काढून देण्याची रीत वऱ्हाडला नवी नव्हती. १८५३ मध्ये फक्त सावकार बदलला.

तरीही पगार तुंबतच राहिला. कंपनी आपल्या खजिन्यातून तो भागवी आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. हा आकडा ५० लाखांच्या आसपास गेल्यावर डलहौसीने रेसिडेंट कर्नल लो याच्यामार्फत निर्वाणीची भाषा सुरू केली. २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौलाने तह मान्य केला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब यांचा वसूल कंटिन्जंटच्या पगारासाठी व जुन्या देण्याच्या ६ टक्के व्याजासाठी लावून देण्यात आला. कंपनीने दरसाल हिशेब द्यावा आणि उरलेली रक्कम निजामाला परत करावी, असे ठरले.

आता विचित्र भाग पाहा. १८१७ च्या युद्धानंतर शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर येत नाही, ही कबुली खुद्द डलहौसीने त्याच वर्षीच्या आपल्या टिपणात दिली होती. सिकंदराबाद व जालना छावण्यांतील अबकारीचे उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे स्वतःकडे ठेवत होती. ते निजामाच्या खाती जमा धरावे, ही त्याच्या दरबाराची मागणी मान्य झाली नाही. १८६० मध्ये रेसिडेंट डेव्हिडसननेही वरिष्ठांना कळवले, की दोन्ही सरकारांची येणी-देणी निःपक्षपातीपणे पाहिली असती तर आपला दावा न्याय्य ठरला नसता. आणि तारण हाती येताच इंग्रजांनी या फौजेचा आकार व खर्च दोन्ही कमी केले! ती काटकसर निजामाचे पैसे जात होते तेव्हा सुचली नव्हती.

‘पण निजामी अमल तरी कुठे चांगला होता?’ हा आक्षेप रास्त आहे. इजारदारीत रयत भरडली गेली. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, रेल्वे आली, कापसाला बाजार मिळाला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. मात्र प्रशासन सुधारले म्हणून हिशेब विचारण्याचा हक्क संपतो, हे मला पटत नाही. १८६० च्या तहात नेमके तेच घडले. ५० लाखांचे देणे रद्द झाले, धाराशिव व रायचूर परत गेले, सुरापूरही निजामाला मिळाले. वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांकडेच राहिले, आणि हिशेब मागण्याचा निजामाचा हक्क काढून घेण्यात आला. कारभारावर किती खर्च करायचा हे सर्वस्वी इंग्रजांच्या मर्जीवर, उरले तर द्यायचे! माझ्या दृष्टीने वऱ्हाडच्या इतिहासातील कळीचे वर्ष १८५३ नाही, १८६० आहे. कर्ज फिटले आणि तारण मात्र सुटले नाही.

या साऱ्या व्यवहारात वणी-दारव्ह्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको. त्याच्या साऱ्यातून कधीकाळी पामरचे व्याज फिटत असे, नंतर फौजेचा पगार.

सालारजंगाने एकरकमी ठेव देऊन, तिच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवा आणि वऱ्हाड परत करा, असा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. नोव्हेंबर १९०२ मध्ये कर्झनने महबूब अली खानाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा मिळवला, वार्षिक २५ लाख रुपयांवर. लगोलग कंटिन्जंट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले, तेव्हा ज्या फौजेसाठी हा मुलूख तारण पडला होता ती अस्तित्वातच नव्हती.

उस्मान अली खानाने पुन्हा मागणी केली. १९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंगने सार्वभौमत्वाचा दाखला देत ती नाकारली. १९३६ मध्ये निजामाला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ असे म्हणवून घेण्याची मुभा मिळाली आणि त्याचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. मुलूख होता तिथेच राहिला.

पेस्तनजी कंपनी आणि खामगावच्या कापूस-व्यापाराविषयी पुढच्या धाग्यात.