'पुण्याला समुद्र नाही' हा गैरसमज

१/८
बुधवार पेठेतील बुधवार वाडा १८७९ मध्ये आगीत भस्मसात झाला. पुण्याच्या इतिहासप्रेमींना हे साल सांगावे लागत नाही. परंतु १७ मे १९९३ रोजी काय घडले, असे विचारताच बहुतेक जण गप्प होतात. हा धागा त्या मौनाविरुद्ध आहे. 🧵

२/८
त्या दिवशी मुंबई हायचे खनिज तेल उरणला आणणारी समुद्राखालची वाहिनी फुटली आणि हजारो टन तेल अरबी समुद्रात मिसळले. ७ ऑगस्ट २०१० रोजी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडले. उरण आणि घारापुरीची खारफुटी काळवंडली. वर्षभरातच, ४ ऑगस्ट २०११ रोजी, 'राक' हे कोळसावाहू जहाज मुंबईसमोर बुडाले.

३/८
अशा प्रत्येक वेळी एकच समाधान पुढे केले जाते: समुद्र सारे धुऊन नेतो. हे अर्धसत्य आहे. हलके घटक हवेत उडून जातात, काही भाग लाटा आणि जिवाणू संपवतात. जड घटक मात्र गाळाच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. खाडीच्या चिखलात थोड्याच खोलीवर प्राणवायू संपतो आणि तेथे तेलाचे विघटन अतिशय मंदावते. तवंग नाहीसा होतो, तेल नव्हे.

४/८
पुरावा हवा? सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील वेस्ट फाल्मथजवळ 'फ्लोरिडा' ही तेलवाहू बार्ज खडकावर आदळली. सुमारे ७ लाख लिटर इंधन तेल सांडले. तीस वर्षांनंतरही तेथील दलदलीच्या गाळात ते सापडले, आणि त्या जागी खेकडे आपली बिळे खोल न नेता उथळच खणत होते.

५/८
म्हणजे गाळ हे दफ्तरच आहे. थरावर थर साचतात. शिसे-२१० सारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यावरून त्यांचे वय काढता येते. अक्षराच्या वळणावरून मोडी कागदाचा लेखनिक ओळखावा, तसा तेलाच्या रासायनिक ठशावरून त्याचा उगम शोधता येतो. कागदाचे दफ्तर पूज्य आणि चिखलाचे दफ्तर त्याज्य, हा भेद कोणत्या न्यायाने?

६/८
याच चिखलात कोळी समाजाचे पोट आहे: तिसऱ्या, कालवे, चिंबोऱ्या, निवट्या. भरपाईची चर्चा तवंग दिसेपर्यंत चालते. गाळातील विषाचा हिशेब मागायला गेलेल्याकडून मात्र पुरावा मागितला जातो, आणि तो पुरावा वेळेवर कोणी जपलेला नसतो.

७/८
'पुण्याला समुद्र नाही, आमचा काय संबंध?' अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेण्यासाठी दुचाकी उभी करणाऱ्याने हे म्हणू नये. मुंबईच्या खाडीकाठी, माहुलला शुद्ध होणारे इंधन वाहिनीने घाट चढून लोणी काळभोरला येते. पेठेतील धूर आणि खाडीतील गाळ एकाच वाहिनीची दोन टोके आहेत.

८/८
म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक गळतीनंतर गाळाचे नमुने घ्यावेत, दर काही वर्षांनी पुन्हा घ्यावेत, जपावेत आणि निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत. भरपाईची मुदत तवंगावर नव्हे, गाळावर ठरावी. जळालेल्या वाड्यासाठी हळहळणाऱ्या शहराने अजून न जळालेले हे दफ्तर वाचवण्यास पुढे यावे.