कमरेचं पिस्तूल आणि मोहल्ल्याची बैठक

ईदची सुट्टी संपली त्या दिवशी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात प्लॅस्टिकचं पिस्तूल सापडलं. ईदीच्या पैशातून तीन बत्तीच्या बाजारात घेतलेलं. मी हात पुढे केला तेव्हा त्यानं ते निमूट दिलं, पण राहवलं नाही म्हणून म्हणाला, "सर, ये असली जैसा है. फौजवाले रखते हैं ना, वही. तेरा गोली आती है."

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. या मुलाला आवडत्या सणावर आठ ओळी लिहायला अर्धा तास लागतो. पिस्तुलावर मात्र तो न अडखळता बोलत होता. रागावणं सोपं होतं. मग विचार केला, एवढी गोडी आहे तर पूर्ण गोष्ट तरी कळू दे.

तेरा गोळ्यांचं ते पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर. फ्रेंच सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं, म्हणून अमेरिकेचे जॉन ब्राउनिंग बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी त्यावर काम करू लागले. १९२६ मध्ये त्यांचं निधन झालं. काम अपुरं राहिलं, ते द्युदोने सैव्ह या बेल्जियन कारागिराने पुरं केलं. १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आलं, पण ज्यांनी मागितलं त्या फ्रेंचांनी ते घेतलंच नाही. इतर पिस्तुलांत सात-आठ गोळ्या मावत. इथे मॅगझीनमध्ये गोळ्या दोन ओळींत बसवल्यामुळे तेरा मावल्या. मूठ हातात नीट बसायची, बांधणी दणकट. सैनिकांना ते आवडलं यात नवल नाही.

पुढची गोष्ट मुलांना ठाऊक नसते. १९४० मध्ये जर्मनीने बेल्जियम घेतलं आणि त्याच कारखान्यात हिटलरच्या सैन्यासाठी तीच पिस्तुलं बनू लागली. सैव्ह निसटून इंग्लंडला गेले. मग कॅनडातल्या टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल चीनसाठी आणि दोस्त राष्ट्रांसाठी बनवलं. म्हणजे एकाच माणसाची रचना समोरासमोरच्या दोन्ही फौजांच्या कमरेला. लढाई संपल्यावर इंग्लिस कंपनी कपडे धुण्याची यंत्रं बनवू लागली. आपल्याकडे पश्चिम बंगालच्या ईशापूर रायफल फॅक्टरीत इंग्लिसच्या नमुन्यावरून '९ एमएम १ए' हे पिस्तूल बनतं. आपल्या सैन्यात आणि पोलिसांत ते वापरलं जातं.

वर्गात हे सांगून मी विचारलं, "आता सांगा, हे पिस्तूल कुणाच्या बाजूचं?" मुलं गप्प.

माझं म्हणणं एवढंच आहे. लोखंडाला बाजू नसते. वर्दीतल्या माणसाच्या कमरेला ते रुबाबदार दिसतं, कारण त्याला प्रत्येक गोळीचा हिशोब द्यावा लागतो. हिशोब काढून टाका, मागे उरते ती दहशत. आणि हिंमत तर लोखंडात नसतेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती.

आपल्या भिवंडीला हे वेगळं शिकवायला नको. १९७० आणि १९८४ च्या दंगली या शहराने भोगल्या. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. मी तेव्हा दहा-बारा वर्षांचा. आमच्या गल्लीत बैठक असली की अब्बा लूमवरून थेट तिकडे जायचे. शेजारी पद्मशाली काका बसायचे. फौजदार साहेब चहा घेत गटारीची, नळाची, मिरवणुकीच्या वाटेची बोलणी करायचे. आम्हा पोरांची नजर मात्र साहेबांच्या कमरेवर खिळलेली. चामड्याच्या होल्स्टरमधून नुसती मूठ दिसायची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. आम्ही बघत होतो पिस्तुलाकडे, आम्हाला वाचवत होती ती चहाच्या कपाभोवतीची बोलणी.

ही बोलणी तुटली की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाशेजारच्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण गेले, मग जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. चारही घरांत मय्यत झाली. त्यात आपली दोन आणि त्यांची दोन असं मोजणाऱ्याला मी आपलं मानत नाही.

आता एक कडू गोष्ट, आपल्याच लोकांसाठी. हल्ली मुलं खेळण्यातलं पिस्तूल घेऊन रील बनवतात, मागे गाणं लावतात. तशीच रील दुसऱ्या वस्तीतला मुलगाही बनवतो. पण नाव आपलं असलं की त्या रीलचा अर्थ वेगळा लावला जातो. हा अन्याय आहे आणि तो बोलून दाखवला पाहिजे. तरीही पोलीस चौकीच्या बाकावर रात्र काढायला लागते ती मुलाला आणि त्याच्या अम्मीला, माझ्या लेखाला नाही. ज्याला खरंच ते पिस्तूल कमरेला हवं आहे, त्यानं बारावीनंतर फौजेच्या, पोलीस भरतीच्या रांगेत उभं राहावं. आपली मुलं त्या रांगेत फार कमी दिसतात. भरतीची तयारी करायला मराठी लागते, ती शिकवायला मी बसलोच आहे.

त्या मुलाचं खेळणं मी संध्याकाळी परत दिलं. बदल्यात एक काम दिलं: दादांना १९८४ बद्दल विचार आणि मराठीत लिहून आण. चार दिवसांनी दीड पान आलं. दादा तीन दिवस लूमच्या खोलीत लपले होते आणि रोटी एका हिंदू मुकादमाच्या घरून यायची, असं त्यात होतं. शुद्धलेखनाच्या बावीस चुका होत्या. मी एकाही चुकीवर लाल पेन फिरवलं नाही.

तुमच्याही घरात असे दादा, नाना असतील. पुढच्या ईदला पोरांच्या हातात ईदी ठेवाल, तेव्हा दहा मिनिटं त्यांना यांच्याजवळ बसवा.