तासांची रोकडवही

व्यापारी घरात रोकड रोज जुळवली जाते. गल्ल्यातील रक्कम आणि वहीतील शिल्लक मिळाल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नाही. त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेची तयारी करू लागते, तेव्हा मात्र वेळेचा हिशेब अंदाजावर सोडला जातो. ‘दिवसभर पुस्तक घेऊन बसलेला असतो’ एवढ्या साक्षीवर घर समाधानी राहते.

खुल्या गटातील उमेदवाराला वयाच्या ३२ वर्षांपर्यंत एकूण ६ संधी मिळतात. पूर्वपरीक्षेच्या एका जरी पेपरला बसले तरी संधी खर्ची पडते. अर्ज भरून गैरहजर राहिल्यास पडत नाही. तयारी अपुरी असताना ‘अनुभव तर येईल’ असे म्हणून मुलाला परीक्षेला बसवणारी वडीलधारी मंडळी अनेक घरांत आढळतात. तो अनुभव जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्या तर घरबसल्याही मिळतो, आणि संधी शिल्लक राहते.

वेळेची आखणी परीक्षेच्या दिवसापासून मागे मोजत यावी. २०२५ मध्ये पूर्वपरीक्षा २५ मे रोजी झाली आणि मुख्य परीक्षा २२ ऑगस्टला, ऐन पर्युषणात, सुरू झाली. मधले अंतर ८९ दिवसांचे. मुख्य परीक्षेच्या १,७५० गुणांपैकी ५०० गुण एकट्या वैकल्पिक विषयाचे असतात. तो विषय या ८९ दिवसांत प्रथमच उघडणाऱ्याला उत्तरलेखनाचा सराव करायला सवड उरत नाही. म्हणून आदल्या डिसेंबरपर्यंत वैकल्पिक विषय एकदा पूर्ण व्हावा आणि नव्या वर्षापासून पूर्वपरीक्षेला अग्रक्रम द्यावा. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने ‘वाणिज्य व लेखाशास्त्र’ निवडले तर पहिल्या पेपरातील लेखाकर्म, कर, लेखापरीक्षण हे त्याच्या ओळखीचे असते. दुसऱ्या पेपरातील संघटन सिद्धान्त आणि औद्योगिक संबंध तेवढे ओळखीचे नसतात. वेळेची तरतूद तेथे अधिक हवी.

आता तासांचे गणित. दररोज ६ तास खरा अभ्यास, आठवड्यातून ६ दिवस, म्हणजे आठवड्याचे ३६ तास. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून सण, लग्नकार्ये आणि आजारपण यांचे ८ आठवडे आधीच वजा करावेत. उरतात सुमारे १,५८० तास. त्यातील ७०० सामान्य अध्ययनाला, ४५० वैकल्पिक विषयाला, २५० उजळणी व सराव चाचण्यांना आणि १८० उत्तरलेखनाला, अशी एक विभागणी करता येईल. आकडे प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे बदलतील. उजळणीचे तास मात्र आरंभीच राखून ठेवावेत, कारण घाईत पहिली कात्री त्यांनाच लागते. बुडालेले तास दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची सवय घातक आहे. आठवड्यात थकबाकी एवढी साचते की वेळापत्रकच टाकून दिले जाते. बुडीत तास रविवारी निर्लेखित करून सोमवारी नवे पान उघडावे.

खरी अडचण दुकानाची आहे. ‘अभ्यासच कर, फक्त अडले तर ये’ ही सूचना वरकरणी उदार वाटते. प्रत्यक्षात माल उतरवायचा असतो, बँकेत चेक भरायचा असतो, नोकर रजेवर असतो, आणि मुलगा दिवसातून पाच वेळा उठतो. प्रत्येक वेळी मन पुन्हा विषयात रुजायला अर्धा तास जातो. तो कोणत्याही वहीत नोंदला जात नाही. त्यापेक्षा संध्याकाळचे दोन तास गल्ल्यावर नेमाने बसावे आणि उरलेल्या वेळात दुकानाने त्याला हाक मारू नये, हा करार बरा. मार्चअखेरची हिशेबाची धावपळ आणि एप्रिल-मेची लग्नसराई नेमकी पूर्वपरीक्षेच्या तोंडावर येते, तेव्हा कोणत्या लग्नांना तो जाणार नाही हे फेब्रुवारीतच नातेवाइकांना कळवावे. मुलीच्या बाबतीत हा करार अधिक स्पष्ट हवा. स्वयंपाकघरातील हाक ‘हाक’ मानलीच जात नाही, आणि स्थळ पाहायला येणारी मंडळी परीक्षेची तारीख विचारून येत नाहीत. तिच्या तासांची राखण आईला किंवा आजीला करावी लागते.

पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर सकाळी साडेनऊला, दुसरा दुपारी अडीचला. पहिल्यात १२० मिनिटांत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. दुसऱ्यात २०० पैकी ६६ गुण मिळाले की पुरते, म्हणून तो हलका समजला जातो. पण ६६ पेक्षा कमी पडले तर पहिल्या पेपरातील गुण कितीही असोत, उमेदवार बाहेर जातो. दुपारी जेवणानंतर आडवे होण्याची घरची रीत असेल, तर निदान तीन महिने आधीपासून त्या वेळी गणित आणि उतारे सोडवण्यास बसावे.

मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरात १८० मिनिटांत २० उत्तरे लिहायची असतात. दहा गुणांच्या प्रश्नाला ७ मिनिटे आणि पंधरा गुणांच्या प्रश्नाला ११ मिनिटे दिली तर वेळ जेमतेम पुरतो. हा हाताचा सराव आहे. आठवड्यातून दोनदा तरी पूर्ण वेळ लावून तो व्हावा. उपवास असेल तर त्या दिवसांत काय झेपेल हे घराने जूनमध्येच ठरवावे.

मुलाखतीला पोहोचलेल्या उमेदवाराचे घर एव्हाना निर्धास्त झालेले असते. २०२५ मध्ये अंतिम निकाल २२ एप्रिलला लागला आणि पुढची पूर्वपरीक्षा ३३ दिवसांवर होती. मुलाखतीच्या तयारीबरोबर रोज दोन तास पूर्वपरीक्षेची उजळणी चालू ठेवली, तरच निकालात नाव नसलेल्याला त्या वर्षीची संधी हाती धरता येते.