सन्मुख असूनही विमुख

ऑस्ट्रेलियात २०१२ साली एका शब्दकोशाच्या प्रचारासाठी ‘फबिंग’ हा नवा शब्द मुद्दाम घडविण्यात आला. फोन आणि अवहेलना या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची ही मोट. समोर बसलेल्या माणसाला डावलून हातातील फोनमध्ये डोके खुपसून बसणे, एवढाच त्याचा अर्थ. मराठीला याकरिता नवा शब्द घडविण्याची गरज नाही. ‘अवमान’ हा जुना शब्द पुरेसा आहे. परंतु तो उच्चारण्याचे धैर्य आज कोणाजवळ उरलेले नाही. ‘सवय झाली आहे हो’ असे म्हणून हा अवमान हसण्यावारी नेला जातो, आणि ज्याचा अवमान झाला तोच संकोचून गप्प बसतो.

आल्यागेल्याला पाणी विचारणे ही मराठी घराची साधी रीत. पेला आजही पुढे केला जातो. पण पेला देणाऱ्याची नजर वर उचलली जात नाही. शाळेतून आलेले मूल दिवसभराची हकिकत सांगू लागते, आई ‘हं, हं’ म्हणत राहते. चौथ्या ‘हं’ला मुलाला कळून चुकते की आपले कोणी ऐकत नाही. मग ते सांगणेच सोडून देते. पुढे हेच मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर ‘घरात काही बोलतच नाही’ अशी तक्रार होते. ही तक्रार करण्याचा अधिकार त्या घराला उरतो काय?

या विषयावर बोलताना सारा दोष तरुण पिढीच्या माथी मारण्याची सोयीस्कर प्रथा पडली आहे. वस्तुस्थिती काय आहे? कुटुंबव्यवस्था कशी टिकवावी यावरचा संदेश पहाटेपासून दहा गटांत पुढे पाठविणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थाला, शेजारी बसलेली पत्नी तिसऱ्यांदा काय विचारते आहे, हे ऐकू येत नाही. संस्कारांचा प्रसार फोनवर आणि संस्कारांचा विसर घरात, असा हा प्रकार आहे. मुले उपदेश ऐकून शिकत नाहीत, वडीलधाऱ्यांना पाहून शिकतात. हे सत्य व्यासपीठावरून वारंवार सांगणाऱ्यांनीच ते घरी सोयीस्करपणे विसरावे, याहून मोठी विसंगती कोणती?

यावर एक युक्तिवाद हमखास येतो. पूर्वीचे पुरुष वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसत, तेव्हा कुटुंबे मोडली का? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. फोनच्या पडद्याला तळच नाही, आणि तो अनवधानाने राहिलेला नाही. बोट फिरवावे तितका मजकूर पुढे येतच राहील, ही अखंड सरकणाऱ्या पानाची रचना २००६ साली आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ साली उघड कबुली दिली की, वापरणाऱ्याचा अधिकाधिक वेळ व लक्ष कसे खेचून घ्यावे हाच निर्मात्यांपुढचा प्रश्न होता आणि त्यासाठी मानवी मनाच्या दुबळेपणाचा जाणूनबुजून उपयोग केला गेला. म्हणजे घरातील माणसाच्या वाट्याचे लक्ष परस्पर बाजारात विकले जात आहे, आणि विकणारा हसतमुखाने ते देऊन टाकत आहे!

एका गोष्टीची नोंद येथे केली पाहिजे. भारतात मोबाईलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पुढे २००३पर्यंत येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, तेव्हा बोलणे दोन वाक्यांत आटोपत असे. तो संयम संस्काराचा नव्हता, बिलाचा होता. २०१६नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तो संयमही गळून पडला.

परिणाम काय होतात, हे पाश्चात्त्य समाज मोजू लागला आहे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ४५३ प्रौढांची पाहणी करून २०१५ साली निष्कर्ष मांडले. जोडीदार फोनपायी आपल्याकडे दुर्लक्ष करतो, असे शेकडा ४६ जणांनी सांगितले. त्यावरून खटके उडतात, असे सांगणारे शेकडा २२हून अधिक होते. एकाच छताखाली राहूनही माणूस एकाकी पडतो, तो असा.

उपाय कोणता? उपदेशाचे डोस पुष्कळ झाले. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली कृतीचा मार्ग दाखविला. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच आणि फोन बंद ठेवायचे, असे गावाने एकत्र बसून ठरविले. निमित्त मुलांच्या अभ्यासाचे होते. पण नियम केवळ मुलांना लावला नाही, थोरांनीही तो स्वतःला लावून घेतला. त्या निर्णयाचे बळ यातच आहे. बंधन सर्वांना सारखे असले की कोणालाच ते अपमानकारक वाटत नाही.

प्रत्येक घराला भोंग्याची आवश्यकता नाही. पादत्राणे उंबरठ्याबाहेर काढावीत, असा कायदा कोणत्याही सरकारने केलेला नाही. तरीही ती रीत पिढ्यान् पिढ्या पाळली गेली, कारण घरातील थोरांनी ती आधी स्वतः पाळली. जेवणाच्या ताटाशी आणि आल्या पाहुण्यासमोर फोन हाती धरायचा नाही, ही मर्यादाही तशीच रुजू शकते. मात्र तिचा प्रारंभ नातवापासून नव्हे, आजोबांपासून झाला पाहिजे.