जंतूंचा साखरेचा अंगरखा

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचून घरी आणले, की आजींचा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘एवढ्याशा जिवाला दोन-दोन मांड्यांत सुया? आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं!’’ आजींचे म्हणणे खरे आहे. कार्डावर ‘पीसीव्ही’ असे लिहिलेली लस त्यांच्या वेळी नव्हतीच. न्यूमोकोकस नावाच्या जंतूपासून ती बाळाला वाचवते. हा जंतू न्यूमोनिया घडवतो, कधी मेंदूच्या आवरणाला सूज आणतो, आणि दोन वर्षांखालच्या मुलांवर त्याचा डोळा अधिक असतो. त्याचे हत्यार ऐकून मात्र कुणालाही नवल वाटेल. ते आहे साखर.

अर्थात ही चहातली साखर नव्हे. साखरेचे छोटे छोटे रेणू मण्यांसारखे ओवले, की लांबच लांब माळ तयार होते. भातातले पिष्ट ही अशीच एक माळ. जंतू स्वतःच्या माळा स्वतः बनवतात आणि त्यांचा बुळबुळीत अंगरखा अंगाभोवती लपेटून घेतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना अख्खे गिळतात. पण या अंगरख्यावर त्यांची पकडच बसत नाही. अंगरखा नसलेला न्यूमोकोकस जवळजवळ निरुपद्रवी असतो. लंडनच्या फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी 1928 साली उंदरांवर प्रयोग केले, तेव्हा अंगरखेवाल्या जंतूंनी उंदीर मेले, उघड्या जंतूंनी नाही. (याच प्रयोगांतल्या एका कोड्याचा पाठपुरावा करताना 1944 मध्ये डीएनएचे महत्त्व कळले, पण ती गोष्ट वेगळी.)

हा अंगरखा साखरेचा आहे, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या ओस्वाल्ड एव्हरी आणि मायकेल हायडेलबर्गर यांनी 1923 मध्ये दाखवले. शरीराची प्रतिकारशक्ती फक्त प्रथिनांमुळेच जागी होते, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे हे सहजी कुणाच्या गळी उतरेना. शिवाय प्रत्येक प्रकारच्या जंतूची शिलाई निराळी. न्यूमोकोकसचे आज सुमारे शंभर प्रकार माहीत आहेत आणि एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे बहुधा दुसऱ्याला ओळखत नाहीत.

मग ही साखरच काढून टोचली तर? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर हा प्रयोग झाला आणि यशस्वीही झाला. पण तेवढ्यात पेनिसिलीन आले आणि लस कुणाला नकोशी झाली. रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरांनी मात्र चिकाटीने रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. पेनिसिलीन देऊनही आजाराच्या पहिल्या काही दिवसांत दगावणारे रुग्ण वाचत नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. अखेर 1977 मध्ये चौदा प्रकारांवरची आणि 1983 मध्ये तेवीस प्रकारांवरची लस आली.

ती मोठ्यांना लागू पडली. तान्ह्या बाळांना, म्हणजे जिथे खरी गरज तिथेच, ती निकामी ठरली.

याचे कारण मोठे मजेशीर आहे. शरीरातल्या बी-पेशी प्रतिपिंडे बनवतात. पण हा शत्रू नीट लक्षात ठेवा, असे त्यांना बजावणाऱ्या टी-पेशी वेगळ्या. या टी-पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात. नुसती साखर त्यांना दिसतच नाही. मोठ्या माणसाच्या बी-पेशी टी-पेशींच्या मदतीवाचून थोडीफार प्रतिपिंडे बनवतात, पण आठवण मागे राहत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या बी-पेशींना तर तेवढेही जमत नाही.

आई कडू औषध गुळातून देते. इथे सारे उलटेच. गोड पचत नाही, म्हणून त्याला प्रथिनाची जोड द्यायची. एव्हरी आणि वॉल्थर गोबेल यांनी 1931 मध्ये सशांवर हे करून पाहिले होते. बी-पेशी साखर पकडते, तिच्याबरोबर बांधलेले प्रथिन गिळते, त्याचे तुकडे टी-पेशीला दाखवते आणि टी-पेशी मदतीला धावून येते. इतकी साधी युक्ती, पण बाळांच्या लसीत उतरायला अर्धशतक जावे लागले! जॉन रॉबिन्स आणि रेचेल श्नीर्सन यांच्या संशोधनातून हिब या जंतूवरची अशी जोडलस निघाली आणि 1987 मध्ये अमेरिकेत अशा लसीला परवानगी मिळाली. न्यूमोकोकसची जोडलस तिथे 2000 मध्ये आली. तिने मुलांच्या नाका-घशातले जंतूही कमी केले. परिणामी, नातवंडांना लस टोचली आणि आजी-आजोबांचेही आजार घटले.

भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात 2017 पासून हिमाचल प्रदेश, बिहार आणि उत्तर प्रदेशातून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. 2021 मध्ये ती देशभर पोहोचली. तोवर खाजगी दवाखान्यातली तिची किंमत ऐकूनच अनेक आईबाप मागे फिरत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या दहा प्रकारांवरच्या स्वस्त लसीला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 2019 मध्ये मिळाली. तिच्यात साखरेला जोड आहे ती घटसर्पाच्या विषाच्या निरुपद्रवी रूपाची. विषमज्वराच्या जंतूचा अंगरखाही साखरेचाच. त्यावरची जोडलस नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मोहीम काढून लाखाहून अधिक मुलांना टोचली.

ही लस म्हणजे जादू नव्हे. शंभरातले दहा प्रकार अडवले, तरी उरलेल्यांपैकी काही त्यांच्या जागी शिरकाव करतात. म्हणून लशीतले प्रकार वाढवण्याचे काम चालूच आहे. न्यूमोनियाही काही एकाच जंतूचा नसतो. लस झालेल्या बाळाचा श्वास भराभर चालू लागला, बरगड्यांखाली खळगे पडू लागले, तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवता डॉक्टरांकडेच न्यायला हवे.

पीसीव्हीचे पहिले दोन डोस सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात. सुटतो तो बहुधा तिसरा. टी-पेशींना जुनी ओळख पक्की करून देणारा हा डोस नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर असतो. तोवर बाळ रांगायला लागलेले असते आणि कार्ड कपाटात कुठेतरी तळाशी गेलेले असते.