सेवेकऱ्याच्या म्हातारपणाचा खर्च कोणत्या खात्यावर?

मराठवाड्यातल्या एका आरोग्य संस्थेचे हिशेब लिहिण्यात माझी सारी नोकरी सरली. रोजकीर्द, खतावणी, व्हाउचरांच्या फायली आणि दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणारा ताळेबंद. देणगीदार आले की त्यांना आधी प्रसूतिगृह दाखवायचे, मग बालवाडी, मग बंधारा. शेवटी ते कार्यालयात येऊन बसत आणि चहा घेताना एक प्रश्न हमखास विचारत: यातले पगारावर किती जातात? मी सांगितलेला आकडा जितका लहान, तितके त्यांना समाधान वाटे. रुग्णवाहिकेसाठी पैसे मिळत, पण ती रात्री दोन वाजता चालवणाऱ्यासाठी मिळत नसत. खोलीवर आईवडिलांच्या नावाची पाटी लावायला लोक तयार असत. त्या खोलीत वीस वर्षे बाळंतपणे करणाऱ्या नर्सबाईंच्या भविष्य निर्वाह निधीसाठी कोणी पाटी मागितली नाही.

ही माणसे वाईट नव्हती. त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतः काटकसर करून पैसे दिले. पण त्यांच्या मनात सेवा करणाऱ्या माणसाचे एक चित्र पक्के होते. त्या माणसाला भूक कमी असते, त्याची मुले आपोआप शिकतात आणि तो आजारी पडत नाही. हे चित्र घातक आहे, आणि ते आता मोडायला हवे, असे माझे मत आहे.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज निघाले, आणि थोड्याच वर्षांत आजीव सदस्यांमध्ये पैशावरून मतभेद झाले. संसार वाढले होते, अपुऱ्या पगारात भागत नव्हते. पगार वाढावा, असे आगरकरांच्या बाजूचे म्हणणे होते. टिळकांना ते मान्य नव्हते. त्यांच्यापुढे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता: सगळा वेळ आणि सगळी मिळकत संस्थेची, स्वतःकडे पोटापुरते. 1890 मध्ये ते सोसायटीतून बाहेर पडले. राजीनाम्यामागची कारणे त्यांनी सविस्तर लिहिली, त्यातही हा जेझुइट आदर्श आहे. पुढे पाच वर्षांनी आगरकर गेले. वय चाळिशीच्या आत, दम्याने पोखरलेले शरीर. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

टिळकांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांनी दिलेल्या दाखल्यात एक गोष्ट सुटली आहे, आणि माझ्या मते सव्वाशे वर्षे ती आपल्याही नजरेतून सुटत आली आहे. जेझुइट पाद्री लग्न करत नाही. त्याला स्वतःची मिळकत नसते हे खरे, पण तो आजारी पडला की त्याचा संघ त्याचे औषधपाणी करतो, थकला की त्याला संघाच्या घरात खोली मिळते, आणि शेवटही तिथेच होतो. आमच्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरांचेही तसेच होते. त्यांचा पगार त्यांच्या धर्मसंघाकडे जमा होई. एक सिस्टर गुडघ्यांनी अधू झाल्या तेव्हा संघाने त्यांना आपल्या वृद्ध सिस्टरांच्या घरी नेले आणि त्यांच्या जागी दुसरी तरुण सिस्टर आली. बेलूर मठातही वृद्ध आणि आजारी संन्याशांची व्यवस्था मठच पाहतो. त्या दारिद्र्याच्या व्रतामागे एक भक्कम घर उभे असते. आपल्या सामाजिक संस्थांनी त्यातले व्रत उचलले आणि घर मागेच ठेवले.

त्याची किंमत बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी मोजली. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवून झाल्यावर ते रोज तिथवर पायी जात. हे आपण शाळेत वाचतो. त्यांनी स्वतःचा पाच हजारांचा आयुर्विमाही आश्रमाला देऊन टाकला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. त्या विम्यावर बायांचा, म्हणजे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचा, आणि मुलांचा उद्याचा दिवस अवलंबून होता, आणि हे देणे बायांच्या मनाला लागले. बायांचे आत्मचरित्र ‘माझे पुराण’ वाचताना माझा पेन हातातच राहिला होता, कारण कार्यकर्त्यांच्या अशाच बायकांच्या सह्या मी व्हाउचरांवर पाहिल्या होत्या. नवरा गावोगाव फिरतीवर, आणि घरभाड्यासाठी उचल घ्यायला त्या माझ्या टेबलापाशी येत.

आमच्याकडे एक कार्यकर्ते होते. सगळे त्यांना दादा म्हणत. वाड्यावस्त्यांवर पायी फिरून त्यांनी क्षयाचे रुग्ण शोधले, गोळ्या संपेपर्यंत एकेकाच्या मागे राहिले. त्यांचे नाव पगारपत्रकात कधी आले नाही. मानधनाच्या व्हाउचरवर सही, एवढाच त्यांचा संस्थेशी कागदोपत्री संबंध. कायद्याने दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केलेल्याला ग्रॅच्युइटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. पण मानधनावरचा माणूस कागदोपत्री नोकरच नसतो. दादा थकले तेव्हा मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या गावातल्या मेडिकलमधून उधारीवर येऊ लागल्या.

सरकारी नियमही देणगीदाराच्या त्या प्रश्नाला बळ देतात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्यात धरत नाहीत, हे खरे. पण हिशेबनीस, व्यवस्थापक, कार्यालय सांभाळणारा हे सगळे त्या 20 टक्क्यांत बसवावे लागतात. मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्यांच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीसाठी आहे, संस्थेसाठी नाही. तरी तोच आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकावर लाल पेनाने लिहिलेला मी पाहिला आहे. पैसे कुठे जातात हे विचारलेच पाहिजे. माझा जन्म तेच विचारण्यात गेला. पण चोरी पकडायची असेल तर ताळेबंद वाचावा लागतो. पगाराचा आकडा लहान असल्याने कोणी प्रामाणिक ठरत नाही.

गावोगाव आरोग्याचे काम करणाऱ्या आशा ताईंचे उदाहरण तर अख्ख्या देशासमोर आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. गावातली कमी शिकलेली, अनेकदा दलित वस्तीतली बाई गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे त्यांनी करून दाखवले आणि 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांनाच घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि बालमृत्यू घटवले. देशाने त्यातून शिकून 2005 पासून आशा नेमल्या. पण त्यांना कर्मचारी मानले नाही, स्वयंसेविका मानले, पैसे कामागणिक. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या आणि 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात बसल्या होत्या. सरकारचा दृष्टिकोन मला चहा घेणाऱ्या त्या देणगीदारापेक्षा वेगळा वाटत नाही.

पगार चांगला दिला तर चुकीची माणसे येतील, असे मला अनेक आदरणीय वडीलधाऱ्यांनी सांगितले आहे. माझा अनुभव उलटा आहे. पगार नसतो तेव्हा फक्त तीच माणसे टिकतात ज्यांच्या मागे काही आहे: बागायती जमीन, जोडीदाराची सरकारी नोकरी किंवा शहरातले वडिलोपार्जित घर. ती माणसेही मोलाची आहेत. पण आमच्या संस्थेत ऊसतोड कामगाराची एक मुलगी होती. आई कोयता घेऊन फडात जाई तेव्हा मागे राहिलेल्या लेकरांचे काय होते, हे तिला शिकवावे लागले नाही. हंगाम संपून लोक परतले की कोणत्या घरात आधी जायचे, हे तिला आमच्या डॉक्टरांपेक्षा नेमके कळे. धाकट्या भावाची फी भरायची वेळ आली तेव्हा ती सोडून गेली. आता एका सूक्ष्म वित्त कंपनीसाठी त्याच वाड्यांवर कर्जाचे हप्ते गोळा करते. तिथे तिला पगारपत्रक आहे, भविष्य निर्वाह निधी आहे आणि आईचे नाव घातलेला आरोग्य विमा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. देणगी देताना एक चतुर्थांश रक्कम कर्मचाऱ्यांचा पगार, विमा आणि निवृत्तीसाठी असे चेकसोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा. एखाद्या संस्थेला पुरस्कार देणार असाल तर आधी तिचे पगारपत्रक मागवा आणि सगळ्यांत खालच्या ओळीतले नाव वाचा. आणि ज्या ताई-दादांनी स्वतःच्या बळावर संस्था उभ्या केल्या, त्यांना हात जोडून सांगते: तुम्ही स्वतः घेत नाही म्हणून तुमच्या हाताखालच्यांना मागायची लाज वाटते. तुम्ही पगार घ्या, निवृत्तीचे वय ठरवा, आणि विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेत सेवानिवृत्ती निधीचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. मार्चचे अंदाजपत्रक त्याच्या आधी छापू नका.