आरोग्यविचार : तप शक्तीनुसार, औषध वेळेवर

हातापायांना मुंग्या आल्या की आपल्या शाकाहारी घरांत प्रथम ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचे नाव निघते. बहुधा ते योग्यही असते. परंतु एका डोळ्याची दृष्टी वेदनेसह काही दिवसांत मंदावली, पायांतील बळ गेले, लघवी अडली अथवा उलट्या-उचक्या थांबेनात, तर केवळ इंजेक्शनांवर विसंबू नये. हा ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ असू शकतो. सोलापुरातील बहुतेक घरांत हे नाव कानी आलेलेही नसेल.

१८९४ मध्ये फ्रान्समधील यूजेन देविक यांनी या दुर्मीळ व्याधीचे वर्णन केले. दीर्घकाळ ती मल्टिपल स्क्लेरोसिसचाच प्रकार मानली गेली. २००४ मध्ये रुग्णांच्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंड सापडले. पुढील वर्षी त्यांचे लक्ष्य उमगले, ते म्हणजे पेशींत पाण्याची ने-आण करणारे ‘ॲक्वापोरिन-४’ हे प्रथिन. रक्षणासाठी असलेली प्रतिकारशक्ती स्वकीयांवरच उलटते आणि मज्जातंतूंचे आवरण नष्ट होते. काही रुग्णांत ल्युपससारखे अन्य स्वप्रतिकार विकारही सोबत आढळतात. स्त्रियांत प्रमाण बरेच अधिक आहे.

प्रत्येक झटका कायमचे अपंगत्व ठेवून जाऊ शकतो. म्हणून प्रतिबंधक औषधे अखंड घ्यावी लागतात. दशलक्षण पर्वात खरी कसोटी लागते. स्टेरॉइड एकाएकी थांबविणे प्राणावर बेतू शकते. उपवासाचा किंवा रात्री काहीही न घेण्याचा नियम करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सोळाकारण भावनांतही तप सांगितले आहे ते शक्तीनुसार. घरातील रुग्ण भगिनीला निःसंकोच औषध घेऊ देणे, हेही औषधदानच होय.